आंबा, खुर्ची, नाणे : स्मृती मोजणाऱ्या मोजपट्टीचा इतिहास

दरवर्षी २१ सप्टेंबर, म्हणजे जागतिक अल्झायमर दिन, जवळ आला की एक आकडा बातम्यांतून हमखास भेटतो : भारतातील साठ वर्षांवरील ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख व्यक्तींना स्मृतिभ्रंश आहे. हा आकडा ‘लासी-डॅड’ या राष्ट्रीय अभ्यासाचा असून तो २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. आकड्यात खोट नाही. मात्र तो वाचताना मला दिल्लीच्याच परिसरातील एक जुना आकडा आठवतो. दिल्लीच्या दक्षिणेस, हरियाणाच्या फरीदाबाद जिल्ह्यात बल्लभगड आहे. त्याच्या आसपासच्या खेड्यांत झालेल्या पाहणीचा निष्कर्ष १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला होता : ६५ वर्षांवरील व्यक्तींत सर्व प्रकारच्या स्मृतिभ्रंशाचे प्रमाण १.३६ टक्के.

एकीकडे १.३६ आणि दुसरीकडे ७.४. पहिल्या पाहणीतील माणसे तर वयाने अधिक होती, म्हणजे तेथे प्रमाण जास्त दिसायला हवे होते. पाव शतकात हा आजार पाचपटीहून अधिक वाढला, असे कोणी जाणकार म्हणणार नाही. खेडे आणि देश यांत फरक आहे, आयुर्मान वाढले आहे, हे खरेच. तरीही एवढी तफावत दिसली की भौतिकशास्त्राच्या माणसाचे लक्ष आधी उपकरणाकडे जाते. येथे उपकरण म्हणजे काही प्रश्न, काही शब्द आणि एक कागद. ते कोणी घडवले, कोणासाठी घडवले आणि आपल्या भाषांत ते कसे आले, हा इतिहास सांगण्याजोगा आहे. आज या उपकरणाच्या एकेका गुणावर घराघरांतले निर्णय ठरू लागले आहेत.

प्रारंभ १९७५ चा. मार्शल फोल्स्टीन, सुझन फोल्स्टीन आणि पॉल मॅक्ह्यू या अमेरिकी संशोधकांनी रुग्णाच्या खाटेशेजारी बसून काही मिनिटांत घेता येईल अशी तीस गुणांची एक परीक्षा तयार केली. तिचे नाव ‘मिनी-मेंटल स्टेट एक्झामिनेशन’, प्रचलित संक्षेप ‘एमएमएसई’. तीत वेळ आणि स्थळ यांच्या भानासाठी १० गुण, तीन शब्द ऐकून लगेच म्हणण्यासाठी ३, शंभरातून सात-सात वजा करत जाण्यासाठी ५ आणि तेच तीन शब्द थोड्या वेळाने आठवण्यासाठी ३ गुण ठेवले आहेत. उरलेले ९ गुण वस्तू ओळखणे, वाक्य उच्चारणे, सूचना पाळणे, वाचणे, लिहिणे आणि दोन पंचकोनांची आकृती उतरवणे यांसाठी. चोवीसच्या खाली गुण गेले की शंका घ्यावी, असा संकेत पुढे रूढ झाला.

आता ही परीक्षा बहिणाबाई चौधरींना दिली असती तर काय झाले असते, याचा हिशेब करून पाहू. १८८० मध्ये जळगावजवळ आसोद्याला जन्मलेल्या या कवयित्रीला लिहिता-वाचता येत नव्हते. तिच्या ओव्या मुलाने, सोपानदेवांनी, व इतर नातलगांनी टिपून ठेवल्या, म्हणून आपल्यापर्यंत पोहोचल्या. शेकडो ओळी रचून मनात वागवणाऱ्या या बुद्धीला वाचनाचा १, लेखनाचा १, आकृतीचा १ आणि कागदी वजाबाकीच्या सवयीचे ५ असे ८ गुण कदाचित मिळालेच नसते. उरतात २२. म्हणजे ऐन उमेदीत, संपूर्ण निरोगी असतानाही, बहिणाबाई शंकेच्या रेषेखाली. ही परीक्षा स्मृतीबरोबर शाळाही मोजते आणि दोहोंची बेरीज एकाच आकड्यात करून देते.

ही अडचण जगासमोर मोठ्या प्रमाणावर आली ती शांघायमध्ये. १९८७ साली तेथे ५,०५५ वृद्धांची पाहणी झाली. झांग मिंगयुआन आणि अमेरिकेतील रॉबर्ट कॅट्झमन हे तिच्या प्रमुख संशोधकांपैकी होते. परीक्षेचा चिनी अवतार करताना त्यांना पहिल्याच पायरीवर कळले की भाषांतर पुरेसे नाही. मूळ परीक्षेत उच्चारासाठी एक इंग्रजी वाक्यखंड आहे. त्याला अर्थ जवळपास नाही, केवळ अडखळायला लावणारी अव्यये आहेत. चिनीत त्याचे शब्दशः रूप निरर्थक ठरते. त्याजागी ‘चव्वेचाळीस दगडी सिंह’ या अर्थाचा एक चिनी शब्दसमूह घेण्यात आला. मंडारिनमध्ये त्यात ‘स’ आणि ‘श’ यांची अशी रेटारेटी आहे की आपल्या ‘कच्चा पापड, पक्का पापड’ची आठवण यावी. पण उत्तर शोधले की नवा प्रश्न उभा राहतो. चीनच्या दक्षिणेकडील अनेक बोलींत ‘स’ आणि ‘श’ हा भेदच क्षीण आहे. तेथे वृद्ध अडखळला तर दोष स्मृतीचा मानायचा की मातृबोलीचा?

शांघायच्या पाहणीने याहून मोलाची एक गोष्ट दाखवली. शाळेत कधीच न गेलेल्यांची संख्या मोठी होती आणि त्यांत वृद्ध स्त्रिया अधिक होत्या. सर्वांना एकच रेषा लावली तर निरोगी निरक्षर स्त्रियांची रीघच्या रीघ रुग्णांत जमा होत होती. यातून शिक्षणानुसार वेगवेगळ्या रेषा आल्या. चीनमध्ये पुढे प्रचलित झालेल्या रूढीत शाळा नसलेल्यांसाठी १७, प्राथमिक शिक्षण झालेल्यांसाठी २० आणि त्यापुढे शिकलेल्यांसाठी २४ गुण ही सीमा धरली जाते. एकाच परीक्षेत, एकाच शहरात, केवळ शाळेमुळे सात गुणांचे अंतर पडते. हे सात गुण स्मृतीचे नव्हेत, हे मान्य करण्याचे धैर्य या संशोधकांनी दाखवले.

बल्लभगडची कथा यानंतरची. एम्सचा ग्रामीण आरोग्य प्रकल्प तेथे १९६५ पासून आहे, आणि घरोघरी जाणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्यांशी गावकऱ्यांचा दीर्घ परिचय आहे. याच फरीदाबादच्या परिसरातील सीही हे गाव सूरदासांचे जन्मस्थान मानले जाते. कागदाविना वाङ्मय वागवणाऱ्या परंपरेशी या मातीचे नाते असे जुने आहे. विजय चंद्रा आणि पिट्सबर्ग येथील मेरी गांगुली यांच्या पुढाकाराने १९९० च्या दशकात येथे भारत-अमेरिका संयुक्त अभ्यास झाला. तुलनेसाठी पिट्सबर्गजवळील मोनोंगाहेला खोरे हा पोलाद-कारखान्यांचा जुना प्रदेश निवडला होता. बल्लभगडमध्ये ५५ वर्षांवरील ५,१२६ व्यक्तींची पाहणी झाली. त्यांतील ७३.३ टक्के निरक्षर होत्या.

त्यांच्यासाठी तयार झालेल्या हिंदी परीक्षेचा वृत्तान्त १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. ती एचएमएसई या नावाने ओळखली जाते. ती वाचताना जाणवते की हे काम भाषांतरकाराचे कमी आणि उपकरण घडवणाऱ्या कारागिराचे अधिक आहे. ‘हा कितवा मजला?’ हा मूळ प्रश्न खेड्यात हास्यास्पद ठरतो. त्याऐवजी गाव कोणत्या डाकघराच्या हद्दीत येते, जिल्हा कोणता, असे विचारले गेले. शंभरातून सात वजा करण्याऐवजी विसातून तीन वजा करायचे ठरले. व्यवहारात रोज सुट्टे पैसे मोजणाऱ्याला ते अपरिचित नाही. लक्षात ठेवायचे शब्द निवडले आम, कुर्सी आणि सिक्का. ‘डोळे मिटा’ हे वाक्य वाचून तसे करण्याऐवजी ‘माझ्या चेहऱ्याकडे पाहा आणि मी करतो तसेच करा’ अशी सूचना आली. वाक्य लिहिण्याऐवजी आपल्या घराविषयी काही सांगायचे होते. अडखळवणाऱ्या इंग्रजी अव्ययांच्या जागी ‘न यह, न वह’ या अर्थाचा साधा हिंदी प्रयोग आला.

यातील प्रत्येक बदलामागे एकच प्रश्न होता : या कृतीतून मूळ परीक्षेला मेंदूचे कोणते काम पाहायचे होते? ते काम शाळेशिवाय पाहता येईल का? शब्दाला शब्द न ठेवता कार्याला कार्य ठेवण्याची ही रीत होती. त्याच गटाने दैनंदिन क्षमतांची एक स्वतंत्र प्रश्नावलीही तयार केली. तीत चेकबुक सांभाळणे, गाडी चालवणे असे परदेशी निकष नव्हते, गावातल्या वृद्धाच्या दिनक्रमात खरोखर येणाऱ्या गोष्टी होत्या.

एवढी काळजी घेऊनही निष्पन्न आकडा १.३६ टक्के इतका कमी का आला? नव्याने होणाऱ्या अल्झायमरचे प्रमाण पाहिले तरी तेच चित्र होते : ६५ वर्षांवरील हजार व्यक्तिवर्षांमागे बल्लभगडमध्ये ४.७ आणि मोनोंगाहेला खोऱ्यात १७.५. संशोधकांनी अनेक शक्यता मांडल्या. आजार जडल्यावर माणसे कमी काळ जगत असतील, एकूण आयुर्मान कमी असेल, जोखमीचे घटक कमी असतील. अल्झायमरशी संबंधित एपीओई-४ या जनुकरूपाची वारंवारता बल्लभगडमध्ये ०.०७ आणि मोनोंगाहेला खोऱ्यात ०.११ आढळली. हा फरक खरा आहे, पण एवढी मोठी तफावत एकट्याने पेलण्याइतका नाही.

दुसरी शक्यता व्याख्येत दडलेली होती. रूढ व्याख्येनुसार स्मृतिभ्रंश ठरण्यासाठी रोजच्या जीवनात अडथळा दिसावा लागतो. पण एकत्र कुटुंबात सत्तरीच्या आजोबांवर कोणती कामे असतात? पैसे मुलगा सांभाळतो, औषध सून देते, शेत नातू पाहतो. अडथळा दिसायला काम तर हवे. घरच्यांना विचारले तर ते म्हणतात, वय झाले, असे व्हायचेच. म्हणजे उपकरण सुधारले तरी त्याची वाचने नोंदवणारी समाजाची नजर पूर्वीचीच राहते.

या शंकेला बळ देणारा पुरावा १०/६६ या आंतरराष्ट्रीय संशोधन गटाकडून आला. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांपैकी ६६ टक्के विकसनशील देशांत राहतात, पण तेथील संशोधन दहा टक्क्यांहूनही कमी, या विसंगतीवरून गटाने हे नाव घेतले. त्यांची चेन्नई आणि वेल्लोर येथील पाहणी इतर देशांतील पाहण्यांसह २००८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली. त्याच माणसांना दोन मोजपट्ट्या लावल्या होत्या. अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या रूढ व्याख्येनुसार ग्रामीण भारतात प्रमाण अवघे ०.३ टक्के, तर क्युबात ६.३ टक्के आले. शिक्षणाचा परिणाम कमी व्हावा अशा रीतीने रचलेल्या गटाच्या स्वतःच्या पद्धतीने सर्व ठिकाणांचे आकडे ५.६ ते ११.७ टक्के या पट्ट्यात आले. माणसे तीच, गावे तीच, वर्ष तेच. बदलली ती फक्त मोजपट्टी.

महाराष्ट्रातील आकडेही एकमेकांशी सहज जुळत नाहीत. मुंबईतील २४,४८८ व्यक्तींच्या पाहणीत ६५ वर्षांवरील प्रमाण २.४४ टक्के आले. ते २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. पुण्यातील २०१० च्या अभ्यासात ते ४.१ टक्के आहे. यातील खरा फरक किती आणि पद्धतींचा किती, हे आकड्यांकडे पाहून ठरवता येत नाही.

येथवर आपण पूर्ण विकसित स्मृतिभ्रंशाविषयी बोललो. खरा पेच त्याच्या आधीच्या पायरीवर आहे. रोनाल्ड पीटरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये सौम्य बोधनक्षीणतेचे निकष मांडले. डॉक्टर तिला एमसीआय म्हणतात. माणसाची स्मृतीविषयी तक्रार असावी, वयाच्या मानाने चाचणीत स्मृती उणी भरावी, पण सर्वसाधारण बुद्धी आणि रोजचे जगणे शाबूत असावे. निरोगी वार्धक्य आणि आजार यांच्यामधली ही अरुंद पट्टी. कोलकात्यातील २००७ च्या अभ्यासाने ५० वर्षांवरील १४.८९ टक्के व्यक्ती या पट्टीत येतात असे दाखवले. रुंद दरी मोजताना वीतभर चूक खपते, अरुंद पट्टीत तीच चूक सारे चित्र पालटते.

थोडे गणित करू. अनेक ठिकाणी सरासरीच्या दीड प्रमाण विचलन खाली गुण आले की स्मृती उणी मानतात. सामान्य वितरणाच्या नियमाने निरोगी माणसांपैकीही सुमारे ६.७ टक्के या रेषेखाली असतातच. स्वतंत्र अशा पाच चाचण्या घेतल्या आणि एकीत उणे भरले तरी शंका घ्यायची ठरवले, तर निरोगी माणसाला शिक्का बसण्याची शक्यता २९ टक्क्यांवर जाते. प्रत्यक्षात चाचण्या एकमेकींशी निगडित असल्याने ती यापेक्षा कमी असते, पण उपेक्षणीय नसते. २०१२ मध्ये हिग्ज कणाची घोषणा करण्यापूर्वी भौतिकशास्त्रज्ञ पाच प्रमाण विचलनांपर्यंत थांबले होते. वैद्यकाला तेवढे थांबता येत नाही, हे मान्य. पण दीड आणि पाच यांतील अंतराची जाणीव तरी हवी.

दुसरा हिशेब विश्वसनीयतेचा. विश्वसनीयता म्हणजे तेच माप पुन्हा घेतले तर तेच उत्तर येणे. समजा, एखाद्या चाचणीत गुणांचे प्रमाण विचलन ३ आहे आणि पुनर्चाचणीचा सहसंबंध ०.८ आहे. हे अंक मी केवळ उदाहरणासाठी घेतले. मग एका मापनातील त्रुटी सुमारे १.३ गुण आणि दोन मापनांतील फरकाची त्रुटी सुमारे १.९ गुण. म्हणजे वर्षभरात आजीचे दोन गुण घटले, तर ती घट केवळ मापनाचा थरथराट असू शकते. उलटही होते. तेच शब्द दुसऱ्यांदा विचारले तर सरावाने गुण वाढतात आणि खरी घट झाकली जाते. म्हणून तुल्यबळ असे पर्यायी शब्दसंच लागतात, आणि ते प्रत्येक भाषेत स्वतंत्रपणे तपासावे लागतात.

पण विश्वसनीयता म्हणजे यथार्थता नव्हे. शंभर ग्रॅम जास्त दाखवणारा वाण्याचा काटा रोज तेच दाखवतो. तो विश्वसनीय आहे, आणि चुकीचाही. यादृच्छिक त्रुटी पुन्हा पुन्हा मोजून कमी होते, पद्धतशीर त्रुटी दहा हजार वेळा मोजली तरी तशीच राहते. भाषा आणि शाळा यांमुळे येणारी चूक या दुसऱ्या जातीची आहे.

भाषा नेमकी कोठे शिरते? अंक लक्षात ठेवण्याची साधी चाचणी घ्या. ॲलन बॅडले आणि सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये दाखवले की उच्चारायला लांब शब्द कमी संख्येने लक्षात राहतात. १९८० मध्ये एलिस आणि हेनली यांनी हेच वेल्श भाषेतील अंकांबाबत दाखवले. वेल्श अंकांचा उच्चार लांब, म्हणून वेल्शमध्ये परीक्षा घेतली की गुण कमी. चिनी अंक एकाक्षरी आणि आखूड आहेत, म्हणून चिनी भाषक इंग्रजी भाषकांहून सरासरीने अधिक अंक लक्षात ठेवतात. आपल्या देशात हिंदी ‘एक, दो, तीन’ आणि तेलुगू ‘ओकटि, रेंडु, मूडु’ यांना एकच सरासरी लावली, तर फरक मेंदूचा म्हणून नोंदला जाईल, असेल मात्र जिभेचा.

शब्दयाद्यांचेही तसेच आहे. जगभर वापरल्या जाणाऱ्या एका इंग्रजी यादीतील दहा शब्दांत समुद्रकिनारा आणि दंड यांसाठीचे शब्द आहेत. बल्लभगडच्या शेतकऱ्याने समुद्र पाहिलेला नसतो. आणि मराठीत खांद्यापासून बोटांपर्यंत सगळ्याला आपण ‘हात’च म्हणतो. शब्द परिचित असणे, डोळ्यांपुढे उभा राहणे, लांबीने सारखा असणे आणि दुसऱ्या अर्थाशी गफलत न होणे, या चारही कसोट्या एकदम सांभाळणे हे भाषा जाणणाऱ्याचे काम आहे.

आता राजधानी क्षेत्रातील आपल्याच घरांकडे वळू. नोकरीसाठी नोएडा, गुडगाव, गाझियाबाद येथे आलेली मराठी मुले आईवडिलांना उतारवयात येथे आणतात. अशी एक आजी कल्पनेत आणा. खानदेशातली, चौथी शिकलेली, टीव्हीपुरते हिंदी समजणारी. परीक्षा हिंदीत होते. आम, कुर्सी, सिक्का हे शब्द तिला कळतात, पण मनात साठतात ते आंबा, खुर्ची, नाणे म्हणून. पाच मिनिटांनी ती ‘नाणे’ म्हणते आणि परीक्षकाला तो शब्द ओळखीचा नसतो. शंभरातून सात वजा करायला सांगितले तर तिला त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर, पासष्ट या वाटेने जावे लागते. ‘एकोणऐंशी’ या एका शब्दातच ऐंशीला एक उणे अशी आणखी एक वजाबाकी दडलेली आहे. चिनीत याच संख्या ‘सात-दहा-नऊ’ अशा सरळ रचनेच्या असतात. मराठी संख्यानामांचा हा अवघडपणा २०१९ मध्ये बालभारतीने ‘एकवीस’ऐवजी ‘वीस एक’ सुचवले तेव्हा सर्वांच्या लक्षात आला होता. तेव्हा वाद सहा-सात वर्षांच्या मुलांविषयी होता, सत्तरीच्या आजीविषयी कोणी बोलले नाही.

याहून सूक्ष्म सापळा पंचांगात आहे. जुन्या पिढीला इंग्रजी तारखेपेक्षा तिथी-महिना जवळचा, म्हणून समंजस परीक्षक देशी महिनाही स्वीकारतो. पण उत्तर भारतात महिना पौर्णिमेला संपतो, महाराष्ट्रात अमावास्येला. कृष्णजन्माची अष्टमी आपल्याकडे श्रावण वद्य, तर दिल्लीत भाद्रपद कृष्ण. वद्य पक्षाच्या पंधरवड्यात आजीने ‘श्रावण’ असे अगदी अचूक उत्तर दिले, तरी दिल्लीच्या परीक्षकाच्या कागदावर ते चूक ठरेल. एरवी तीच परीक्षा शुक्ल पक्षात झाली असती, तर उत्तर बरोबर ठरले असते. चंद्राच्या कलेवर अवलंबून असणारा गुण स्मृतीचा खचित नव्हे.

हे प्रश्न देशातील संशोधकांना ठाऊक नाहीत असे नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने अनेक केंद्रांच्या सहकार्याने एक बोधन-चाचणी संच विकसित केला आणि त्याचे वृत्तान्त २०२० पासून प्रसिद्ध झाले. त्यात हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या भाषांत समकक्ष चाचण्या बांधल्या गेल्या, आणि सौम्य बोधनक्षीणता ओळखण्यासाठीही त्यांची पारख झाली. लासी-डॅड अभ्यासाने केवळ गुणांवर विसंबून न राहता जवळच्या नातलगाच्या मुलाखती घेतल्या, आणि दूरस्थ बसलेल्या तज्ज्ञांनी सर्व माहिती पाहून निर्णय दिले. बल्लभगडमध्ये रुजलेली हिंदी परीक्षाही त्या अभ्यासाच्या संचात आहे. म्हणजे १.३६ आणि ७.४ या दोन आकड्यांत वैर नाही, वंशपरंपरा आहे. पण संशोधन परिषदेच्या संचातील पहिल्या पाच भाषांत मराठी नव्हती, हे महाराष्ट्रातील विद्यापीठांनी आणि वैद्यकीय महाविद्यालयांनी लक्षात घ्यावे. आठ कोटींहून अधिक लोकांची मातृभाषा असलेल्या भाषेचे काम शेजारच्या भाषेतील मापदंड उसने घेऊन कायम भागवता येणार नाही.

आताच याची निकड का? अल्झायमरवरील नव्या प्रतिपिंड-औषधांचा उपयोग आजाराच्या आरंभीच्या अवस्थेतच होतो. लेकॅनेमॅबच्या मुख्य चाचणीत प्रवेशासाठी त्याच तीस गुणांच्या परीक्षेत २२ ते ३० आणि डोनॅनेमॅबच्या चाचणीत २० ते २८ गुण ही अट होती. १९७५ साली खाटेशेजारी अंदाज घेण्यासाठी केलेली परीक्षा आज महागड्या आणि दुष्परिणामांची जोखीम असलेल्या उपचाराच्या दारावर उभी आहे. चौथी शिकलेली निरोगी आजी या दारात विनाकारण रुग्ण ठरू शकते. आणि ज्यांची स्मृती खरोखर ढासळते आहे असे निवृत्त प्राध्यापक २९ गुण मिळवून ‘काही नाही’ म्हणून घरी परतू शकतात, कारण त्यांच्यासाठी ही परीक्षा फारच सोपी आहे. दोन्ही चुकांची किंमत घरच्यांना मोजावी लागते.

मोजपट्टी सदोष असली की प्रयोगशाळेत आम्ही एक जुना उपाय करतो : निरपेक्ष मूल्य सोडून फरक मोजतो. वस्तू तीच, उपकरण तेच, आणि पूर्वीच्या तुलनेत आता काय? वृद्धांबाबतही हाच मार्ग अधिक भरवशाचा आहे. म्हणून घरातील कोणाची अशी चाचणी झाली, तर गुणांपूर्वी काही गोष्टी विचाराव्यात. परीक्षा कोणत्या भाषेत घेतली? गुणांची तुलना तितक्याच शिक्षणाच्या माणसांशी केली का? ऐकू नीट येत होते का, चष्मा होता का? पुढची चाचणी त्याच भाषेत, पण वेगळ्या शब्दसंचाने, किती महिन्यांनी होणार? आणि घरच्यांचे निरीक्षण टिपले गेले का : दहा वर्षांपूर्वीची आई आणि आजची आई, हिशेबात, स्वयंपाकात, गोष्ट सांगण्यात काय बदलले?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही छापील कागदावर नसते. ते घरातच असते, आणि डॉक्टरांना ते आपणच सांगायचे असते. ते तारखेसह लिहून ठेवण्याची सवय आजच लावली, तर मराठीतील मोजपट्टी तयार होईपर्यंत आपल्या माणसांसाठी निदान एक विश्वासार्ह नोंद हाताशी राहील.